सुई टोचतील हं!

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी ताईचा फोन. ‘याने तोंडच उघडलं नाही गं!’ ‘हा’ म्हणजे माझा पाच वर्षांचा भाचा. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून ताई कशीबशी घरी पोचली आणि त्याला उचलून थेट कोथरूडमधल्या क्लिनिकमध्ये. पोरगं भुकेलेलं, पेंगुळलेलं. खुर्ची मागे झुकली आणि त्याने अख्खी बिल्डिंग डोक्यावर घेतली. किडलेली दाढ तशीच घेऊन मायलेक घरी परत.

‘फार हट्टी झालाय,’ ताई म्हणाली. मला मात्र आमची आजी आठवली. ‘चॉकलेट खाल्लंस तर डॉक्टर सुई टोचतील हं!’ हे ऐकतच आम्ही दोघी वाढलो. आणि त्याच आठवड्यात, वेफर्सचं पाकीट काढून घेताना, मीही भाच्याला अगदी हेच ऐकवलं होतं. म्हणजे खुर्चीत बसायच्या आधीच मामला आम्ही बिघडवून ठेवलेला!

मुलांच्या अशा वागण्यासाठी डेंटिस्ट लोकांकडे चक्क मोजपट्टी आहे. १९६२ सालची फ्रँकल स्केल. तिच्या चार पायऱ्या, लाथा झाडण्यापासून हसतखेळत साथ देण्यापर्यंत. मूल कुठल्या पायरीवर असेल हे त्याचं वय, आधीचे दवाखान्याचे अनुभव, झोप-भूक यांवर ठरतं. आणि हो, आईबाबांच्या भीतीवरही. ती पोरं बरोब्बर ओळखतात.

दुसरा प्रयत्न शनिवारी सकाळी दहाला, पोटभर नाश्ता करून. या वेळी पेडोडाँटिस्टकडे, म्हणजे खास मुलांच्या दातांचे डॉक्टर. (धनकवडीच्या भारती विद्यापीठासारख्या डेंटल कॉलेजांतही हा विभाग असतो.) डॉक्टरांनी आधी काय करणार ते सांगितलं, मग पाण्याचा फवारा त्याच्या बोटावर उडवून दाखवला, मग तोंडात. ही ‘टेल-शो-डू’ पद्धत, १९५९ पासूनची. त्या दिवशी फक्त दात मोजले. वीस!

‘दुखणार नाही हं बाळा,’ ताई पुटपुटली. डॉक्टर हसल्या. ‘त्यातलं त्याला फक्त “दुखणार” ऐकू येतं.’

पुढच्या शनिवारी दाढ भरली. डोळे पाणावले, पण तोंड उघडं राहिलं.

तेव्हा मंडळी, ‘दुधाचे दात, पडणारच आहेत’ म्हणून टाळू नका. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. पहिली भेट पहिल्या वाढदिवसापर्यंत उरकून टाका, काही दुखत नसतानाच. आणि डॉक्टरांचा बागुलबुवा करणं आजपासून बंद.

परतताना भाच्याने विचारलं, ‘मावशी, तू कधी दात दाखवलेस?’

सात वर्षांपूर्वी. येत्या शनिवारी सकाळी दहाची अपॉइंटमेंट घेतलीय. हात धरायला तो येणार आहे म्हणे!