फवारणी नदीत नको, भिंतींवर हवी



'धाम नदीकाठी औषध फवारा' हे वाचकपत्र वाचले. त्यातली चांदीपुरा तापाच्या भीतीने लेकरांविषयी वाटणारी काळजी रास्त आहे. उपायाची जागा मात्र चुकली आहे. वाहत्या पाण्यात वाढते ती काळी माशी. तिच्या नायनाटासाठी पश्चिम आफ्रिकेत १९७४ नंतर नद्यांत अळीनाशक सोडले गेले. विदर्भात चांदीपुरा ताप पसरवते ती वाळूमाशी. त्याचा विषाणू १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावी सापडला. ही माशी नदीत नव्हे, तर मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यात, उकिरड्यापाशी वाढते. म्हणून आरोग्य खात्याने पावसाळ्याच्या तोंडावर घरे-गोठ्यांच्या भिंती फवाराव्यात, ग्रामपंचायतींनी भेगा लिंपून घ्याव्यात. आणि तापात झटके आलेल्या लेकराला क्षणही न दवडता रुग्णालयात न्यावे.

– एक वाचक, पवनार (जि. वर्धा)