ज्याला आज बिडी सोडायची नाही, त्याचं काय?

दरवर्षी ३१ मेला आपल्याकडे तंबाखूविरोधी रॅली निघते. फलक, घोषणा, शपथ. आम्ही पत्रकार फोटो काढतो, दुसऱ्या दिवशी बातमी लागते. शपथ घेणाऱ्यांत बिडी ओढणारा क्वचितच असतो. तो समोरच्या टपरीवर उभा राहून रॅली बघत असतो.

मला आज त्याच्याबद्दल बोलायचंय. 'सोडणार का?' म्हटलं की तो म्हणतो, 'बघू पुढं.' तिथं आपला विषय संपतो. डॉक्टर ओरडतात, घरचे भांडतात, आणि तो लपवायला शिकतो.

आमच्या ओळखीचे एक प्रेसमधले काका आहेत. खोकला महिनाभर होता, पण दवाखान्यात जाईनात. का? 'गेलं की आधी बिडीवरून शिव्या.' दोन आठवड्यांवर खोकला गेला की थुंकी तपासायची असते, हे आपण भिंतीवर रंगवतो. टीबी आणि धूम्रपानाचं नातंही जवळचं आहे. म्हणजे ज्याला तपासणीची जास्त गरज, तोच ओरडा खायला नको म्हणून घरी बसतो. असली जागृती काय कामाची?

तयार नसलेल्या माणसाशी बोलायची साधी पद्धत आहे. तुला यातून काय मिळतं, त्रास कशाचा होतो, सोडायचं म्हटलं तर अडतं कुठं, हे विचारायचं, ऐकायचं आणि पुढच्या भेटीला परत विचारायचं. आज 'नाही' म्हणणारा कायम 'नाही'च म्हणेल असं नसतं. तोवर निदान घरात, लेकरांसमोर ओढू नको, एवढं तरी तो ऐकतो.

'कमी केली' यावर मात्र फसू नका. रोज एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो, हे २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलंय. शिवाय संख्या घटली की माणूस झुरका खोल घेतो. बिडी तर विझू नये म्हणून सारखी ओढावीच लागते. म्हणून कमी करणं ही पायरी समजायची, मुक्काम नाही. ती पायरी चढायला निकोटिनचा गम उपयोगी पडतो. २ मिलिग्रॅमचा गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो. हृदयाचा त्रास असेल किंवा बाई गरोदर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तो साध्या च्युइंगमसारखा चघळत बसायचा नाही. थोडा चावला, जीभ चुरचुरली की गालात ठेवायचा. आणि चहाबरोबर नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. आपल्याकडे चहा-बिडीची जोडी, त्यामुळे हे सांगणं भाग आहे.

बिडीच्या जागी तंबाखू-चुना मळणं हा उपाय नव्हे. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के. तोंडाचा कॅन्सर आपल्याला नवा नाही.

माझी मागणी छोटी आहे. सरकारी ओपीडीच्या कागदावर एक रकाना असावा : तंबाखू घेता का? 'सोडायची नाही' म्हणणाऱ्याचं नाव कापू नका, पुढच्या महिन्यात पुन्हा विचारायच्या यादीत टाका. तोवर सिगारेटच्या पाकिटावरचा १८००-११-२३५६ हा नंबर आहेच, फुकट लागतो.

आपल्या तालुक्यात कुठल्या सरकारी दवाखान्यात निकोटिनचा गम मिळतो का? माहीत असेल तर कळवा, पेपरात पत्त्यासह छापतो.