डोंगर, शेळ्या आणि ग्रामसभा

दुष्काळ आणि अतिवृष्टी या आपत्तींची नोंद आपण स्वतंत्र रकान्यांत करतो. डोंगर मात्र असा भेद मानीत नाही. माथा उघडा पडला की त्याच उतारावरून पावसाळ्यात माती वाहून जाते आणि उन्हाळ्यात पायथ्याची विहीर कोरडी पडते.

हे ओळखून अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात काम उभारणाऱ्यांत स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. १९४८ साली भारतात आलेल्या या धर्मगुरूंनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह १९९३ मध्ये ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ स्थापन केला. माथ्यापासून पायथ्याकडे, हे या कामाचे सूत्र. प्रथम वरच्या उतारावर समपातळी चर आणि वृक्ष, मग शेतांची बांधबंदिस्ती, शेवटी ओढ्यावर बंधारा. क्रम उलटला की बंधारा गाळाने भरतो. ठेकेदाराचे बिल तेवढे निघालेले असते!

परंतु कुदळ मारण्यापूर्वी गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान मान्य करावे लागे. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीला पूर्वी एप्रिल ते जुलै टँकरचे पाणी प्यावे लागत असे. १९९६ पासून तेथे हे काम झाले आणि गावाचे रूप पालटले. असे यश ऐकताना एक प्रश्न आपण सोयीस्करपणे टाळतो : किंमत कोणी मोजली? पाणी वाढते ते जमीनधारकाच्या विहिरीत. चराई बंद होते ती भूमिहीनाच्या शेळ्यांची. कापलेल्या गवतात आणि मजुरीत त्याचा वाटा आधी ठरला नाही, तर ती बंदी टिकणार नाही, आणि टिकावी असे म्हणण्याचा नैतिक अधिकारही आपल्याला उरणार नाही.

साठलेल्या पाण्याचेही तसेच आहे. हिवरे बाजारने १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पाण्याचा ताळेबंद मांडला, सिंचनासाठी कूपनलिका नाकारल्या, उसालाही मज्जाव केला. जेथे असा निर्णय होत नाही, तेथे बंधाऱ्याने दिलेले पाणी कूपनलिका उपसून नेतात.

मात्र नगरचा उपाय घाटमाथ्यावर जसाच्या तसा नेता येत नाही. मुसळधार पावसाच्या प्रदेशात, तीव्र उतारावरील खोल मातीत पाणी अडवून मुरवणे धोक्याचे ठरू शकते. तेथे झाडोरा राखणे, पाण्याच्या नैसर्गिक वाटा मोकळ्या ठेवणे, जमिनीला पडलेली भेग, अचानक गढूळ झालेला झरा वेळीच ओळखणे आणि वस्ती हलवण्याचा निर्णय गावाच्या हाती असणे अधिक मोलाचे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण दरडीखाली गेले. दीडशेहून अधिक जीव गेले. त्याच्या कारणांविषयी बरेच वाद झाले. नव्या जागी वसवलेल्या माळीणचे लोकार्पण २ एप्रिल २०१७ रोजी झाले. त्याच जूनच्या पावसात तेथील भराव खचला आणि रस्त्यांना तडे गेले.