परमुलुखांत रुजणें

परदेशीं सेवेस जाऊं इच्छिणारा तरुण आधीं पुसतो, तेथें राहावयाचें कोठें, खावयाचें काय? याहून मोठा प्रश्न भाषेचा आहे.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ च्या सप्टेंबरांत, जपानशीं झुंजणाऱ्या चीनकडे राष्ट्रसभेच्या वैद्यकीय पथकासह निघाले. येनानला पोहोंचण्यापूर्वींच वडिलांच्या निधनाची वार्ता आली. ते परतले नाहींत. तेथील टेंकड्या पिवळ्या मातीच्या. त्यांच्याच कुशींत कोरलेल्या गुहा हीं घरें, थंडींत उबदार नि उन्हाळ्यांत शीतल. अन्न मुख्यतः राळ्यांचें. हें अंगवळणी पडतें. परंतु खेड्यांतील रुग्णाची व्यथा त्याच्या भाषेवांचून उमगत नाहीं. म्हणून त्यांनीं चिनी आत्मसात केली, तींतून विद्यार्थ्यांस शिकविलेंहि. १९४१ मध्यें ते बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले. विवाहहि तेथेंच झाला. मुलाचें नांव यिनहुआ, म्हणजे 'भारत-चीन'. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, अवघ्या ३२ व्या वर्षीं, ते तेथेंच निवर्तले.

मुलास निरोप देणाऱ्या घरानेंहि एवढें जाणावें: जो परमुलुखांत खरा रुजतो, तो सगळाच परत येतो असें नाहीं.