'डोमेस्टिक नॉयर'चा जन्म २०१३ चा नव्हे

१/ 'डोमेस्टिक नॉयर' हे आपल्या काळाचे अपत्य आहे, असे सर्रास सांगितले जाते. ज्युलिया क्राउच या ब्रिटिश लेखिकेने २०१३ साली ही संज्ञा रूढ केली. आदल्याच वर्षी गिलियन फ्लिनची 'गॉन गर्ल' आली होती. पण बारशाच्या तारखेला जन्मतारीख समजणे हे इतिहासाचे अज्ञान आहे.

२/ जून १८५८. ब्रिटनचे वसाहतमंत्री आणि कादंबरीकार एडवर्ड बुल्वर-लिटन यांची विभक्त पत्नी रोझिना यांनी भर निवडणूक सभेत पतीचे वाभाडे काढले. त्याच महिन्यात पतीने त्यांना वेडी ठरवून खासगी वेड्यांच्या इस्पितळात कोंडले. वृत्तपत्रांनी गवगवा केला, तेव्हा सुमारे तीन आठवड्यांनी सुटका झाली.

३/ नोव्हेंबर १८५९ पासून डिकन्सच्या साप्ताहिकात विल्की कॉलिन्सची 'द वुमन इन व्हाइट' क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. पत्नीच्या पैशासाठी तिची ओळखच पुसून तिला वेड्यांच्या इस्पितळात धाडणारा पती तिच्यात आहे. वाचकांना ही भीती परकी वाटण्याचे कारण नव्हते.

४/ कारण कायदाच तसा होता. १८५७ च्या कायद्यानुसार घटस्फोटासाठी पतीला पत्नीचा व्यभिचार पुरे. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य, परित्याग असे काही सिद्ध करावे लागे. विवाहितेच्या स्वतंत्र मालमत्तेचा व्यापक हक्क १८८२ साली मान्य झाला.

५/ समीक्षकांनी काय केले? १८६३ साली हेन्री मॅन्सेल यांनी 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'मध्ये अशा कादंबऱ्यांना रोगट भुकेचे खाद्य ठरवले. रोग घरात होता. दोष पुस्तकाला दिला गेला. आज याच प्रकाराला 'प्रवासात चाळायची पुस्तके' म्हणून हिणवणारे त्याच परंपरेचे वारस आहेत.

६/ १९३८ साली पॅट्रिक हॅमिल्टनचे 'गॅस लाइट' रंगभूमीवर आले. त्यातला नवरा वस्तू लपवतो आणि बायकोला स्वतःच्या स्मरणशक्तीवरच शंका घ्यायला लावतो. 'गॅसलायटिंग' हा शब्द त्यातूनच आला. जवळच्या नात्यातील अशी सततची दमदाटी व नियंत्रण हा स्वतंत्र गुन्हा आहे, हे इंग्लंड-वेल्सच्या कायद्याने मान्य केले २०१५ साली. नाटकानंतर ७७ वर्षांनी!

७/ 'कादंबरी म्हणजे पुरावा नव्हे,' असा आक्षेप येईल. घटनेचा नव्हे, हे खरे. पण बंद दाराआडच्या ज्या छळाला दप्तरात रकानाच नव्हता, त्याच्या भीतीचा ती पुरावा आहे. केवळ दप्तरावर विसंबणारा इतिहासकार घराच्या उंबरठ्यावरच थांबतो.