खिडकी उघडी आहे ना, मग झालं!

मंडळी, मथळ्यातल्या या वाक्यावरून गेल्या दिवाळीआधी आमच्या घरात आठ दिवस अबोला होता. अबोला सुटला, पण माझा राग काही गेलेला नाही. म्हणून आज इथे लिहिते आहे. पुतण्याही हा ब्लॉग वाचतो, तर वाचू दे.

झालं असं. माझ्या थोरल्या भावाची, दादाची, प्रीमियर पद्मिनी आमच्या सांगलीच्या घराच्या गॅरेजमध्ये कित्येक वर्षं पांघरूण घालून उभी होती. दादा गेला, गाडी राहिली. पुतण्याच्या मनात आलं की बाबांची गाडी आपण घरीच रंगवायची. भावना चांगली होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. भाड्याने कॉम्प्रेसर आला, स्प्रे गन आली, एकोणीस-वीस वर्षांचा एक पोरगा रोजावर मदतीला आला. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून शटर जवळजवळ जमिनीपर्यंत ओढलं, फरशीवर पाणी शिंपडलं, फटींना माझ्या दोन जुन्या साड्या लावल्या. (न विचारता. असो.) मागची दीड फुटी खिडकी तेवढी उघडी.

तासाभरात वरच्या मजल्यावर माझं डोकं ठणकायला लागलं. खाली जाऊन बघते तर पुतण्याच्या तोंडाला करोनाच्या वेळचा एन-95 मास्क आणि त्या पोराच्या नाकावर नुसता रुमाल! मी कॉम्प्रेसरचं बटण बंद करायला हात पुढे केला (ते बटण तिथे दाबणंही शहाणपणाचं नव्हतं, हे मला नंतर कळलं), तर चिरंजीव म्हणतात, "आत्या, खिडकी उघडी आहे ना, मग झालं! तुला यातलं काय कळतं?"

बरं बाबा. मला गाडीतलं कळत नाही. पण पाण्याचा हौद आणि दोन नळांची गणितं मी तीस वर्षं पोरांकडून सोडवून घेतली आहेत. तेव्हा हवेचा हिशेब मांडायला बसले, आणि अडलं तिथे आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना फोन केला. आमचं गॅरेज 10 फूट रुंद, 18 फूट लांब, 9 फूट उंच. म्हणजे 1620 घनफूट, साधारण 46 हजार लिटर हवा. थिनरमध्ये टोल्युइन हा मोठा घटक असतो. हिशेबाच्या सोयीसाठी सगळं टोल्युइनच धरा. एक लिटर उडून गेलं की त्याची सुमारे 230 लिटर वाफ होते. कारखान्यांच्या कायद्यात कामगाराला आठ तासांसाठी मुभा आहे ती दहा लाख भाग हवेत 100 भाग टोल्युइनची. म्हणजे ही 230 लिटर वाफ तेवढी पातळ करायला 23 लाख लिटर ताजी हवा हवी. आमची पन्नास गॅरेजं भरतील एवढी! एक लिटर थिनरला. आणि ती दीड फुटी खिडकीतून येणार म्हणे. येणार कशी? हवा एका बाजूने आत यायची तर दुसऱ्या बाजूने बाहेर जायला वाट हवी, आणि त्या वाटेवर माझ्या साड्या.

बरं, ही वाफ सगळीकडे सारखी पसरतही नाही. ती हवेपेक्षा तिप्पट जड. स्तब्ध हवेत खाली फरशीलगत साचते. आपले एक्झॉस्ट फॅन असतात छताजवळ! एका लिटरची वाफ गॅरेजच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात साचली तर तिथे तिचं प्रमाण दीड टक्का होतं, आणि साधारण सव्वा टक्क्याला ती पेट घेऊ शकते. ठिणगी कुठून येणार, असं पुतण्याने विचारलंच. अरे, कोपऱ्यात इन्व्हर्टर आहे, साध्या पंख्याच्या मोटारीत ठिणगी असते, दिव्याच्या बटणातही असते. पेट्रोल पंपावर आपण काडी ओढत नाही, आणि घरात टेबल फॅन लावून वाफ त्याच्यातूनच ओढतो.

पण माझा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. "वास फार येत नाहीये" हे वाक्य. थिनरला वास असतो, ते बिचारं निदान ओरडून सांगतं तरी. हल्लीच्या चकचकीत पीयू रंगात जे हार्डनर मिसळतात त्यात आयसोसायनेट असतं. 1984 साली भोपाळमध्ये सुटला तो मिथाइल आयसोसायनेट, हा त्याच्या भावकीतला. त्याच्याइतका उडून जाणारा नाही, पण गनमधून बारीक फवारा झाला की सरळ फुप्फुसात. तो फवारा नेहमीच्या उजेडात नीट दिसत नाही, आणि वास यायच्या कितीतरी आधी त्याचं प्रमाण धोक्याचं झालेलं असतं. त्याने दमा जडतो. कधीकधी धाप काम करताना लागतच नाही, रात्री घरी लागते, म्हणून माणूस थंडीला, धुळीला दोष देत बसतो. आणि एकदा शरीराने धसका घेतला की पुढे अगदी कणभरानेही झटका येतो.

माझा एक जुना विद्यार्थी गाड्या रंगवायचा. हात इतका सफाईदार की लोक रांग लावायचे. रुमालच बांधायचा तोही. आज त्याला रंगाच्या दुकानावरून जातानाही पंप खिशात लागतो. धंदा सुटला, आता बायको शिवणकाम करते त्यावर घर चालतं. तो मला भेटला की "बाई, काय करणार" म्हणून हसतो. मला हसता येत नाही.

एन-95 धुळीचे कण अडवतो, वाफ अडवत नाही. कोळशाच्या डब्यांचा मास्क थिनरपुरता ठीक, पण हार्डनरच्या बाबतीत डबा संपला हे सांगायला वासच नसतो. म्हणून ब्रिटनमध्ये असे रंग फवारताना बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो, आणि फवारा थांबला तरी बूथ मोकळा होईपर्यंत तो काढायचा नाही. रंग कसा बसलाय ते बघायला काच वर करायची खोड सगळ्या रंगाऱ्यांना असते, तिथेच घात होतो. बूथमध्ये गाळलेली हवा छतातून येते आणि फरशीतून ओढली जाते. धूळही नाही, वाफही नाही. घरच्या गॅरेजात हे दोन्ही एकदम जमतच नाही. धूळ टाळायची तर बंद करा, वाफ टाळायची तर उघडा. आपण काय बंद करतो ते सांगितलंच.

न्यू जर्सीतल्या आमच्या भाच्यानेही फोनवर "मावशी, इथे सगळे घरीच करतात" असं ऐकवलं. तिथे तर गॅरेज घरालाच चिकटलेलं, मधलं दार स्वयंपाकघराकडे उघडतं, आणि पुष्कळ घरांत गॅसचा बंब त्याच गॅरेजात पेटता. त्यात थंडी, म्हणजे दार बंदच.

बारीकसारीक डाग ब्रशने लावायचा असेल तर गाडी अंगणात काढा, सावलीत लावा, कोण अडवतंय? धूळ बसली तर घासून परत लावता येतो. हार्डनरचा रंग मात्र बूथ असलेल्या ठिकाणीच द्या. "एवढे पैसे?" म्हणणाऱ्यांनी गाडीत म्युझिक सिस्टिम कितीची बसवली ते आधी सांगावं.

त्या पोराला मी त्या दिवशीचा पूर्ण रोज देऊन घरी पाठवलं. तो बाहेर ओट्यावर बसून बराच वेळ खोकत होता. जाताना मलाच विचारलं, "आजी, उद्या येऊ का?" त्याला काय उत्तर द्यावं ते सुचेना, म्हणून चहा दिला.

पद्मिनी शेवटी बूथमध्ये रंगून आली. दादाचाच क्रीम रंग. माझ्या साड्या तीनदा धुतल्या, वास अजून आहे.