आवाज म्यूट, लढाई चालू

शनिवार संध्याकाळ, पुण्याहून सुटलेली दौंडची गाडी. उभं राहायला जागा मिळाली हेच नशीब! शेजारचा मुलगा मोबाइलवर २०२० सालचा 'तान्हाजी' बघत होता. हेडफोन त्याच्या कानात, स्क्रीन माझ्या नाकासमोर. म्हणजे माझ्यासाठी मूकपटच. आणि गंमत म्हणजे, संवादांवाचून काही अडलं नाही. उलट चेहरे जास्त दिसले.

आपल्या पणजोबांच्या पिढीनं १९२३ मध्ये हीच लढाई अशीच पाहिली. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सिंहगड', दिग्दर्शक बाबूराव पेंटर. कथा ह. ना. आपट्यांच्या कादंबरीवरची. १६७० ची ही लढाई रात्रीची, म्हणून पेंटरांनी चक्क कृत्रिम प्रकाशात शूटिंग केलं. तेव्हा सिनेमे उन्हात शूट व्हायचे, बॉस! विशीतले व्ही. शांताराम झाले होते म्हातारे शेलारमामा. संवादांच्या जागी पडद्यावर पाट्या. वाचता येणाऱ्यानं शेजारच्याला वाचून दाखवायच्या.

सोमवारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हे सगळं मी शिरूरच्या मित्राला ऐकवलं. चहा ढवळत तो म्हणाला, "आमच्या तालुक्यातल्या लढाईवर काढला का रे कुणी मूकपट?"

मी गप्प.

१ जानेवारी १८१८, कोरेगाव भीमा. शिरूरच्या छावणीतून रात्रभर चालत आलेले कंपनीचे सुमारे ८०० सैनिक, त्यात महार मोठ्या संख्येनं. समोर पेशव्यांची कितीतरी मोठी फौज. दिवसभर लढाई. नदीपलीकडे पेरणे इथल्या स्तंभावर पडलेल्यांची नावं कोरली आहेत. त्यातल्या अनेक नावांच्या शेवटी 'नाक'. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं आले. म्हणजे 'सिंहगड'नंतर चारच वर्षांनी, मूकपटांच्याच जमान्यात. तानाजींना पडदा मिळाला होता. ही नावं वाचायला मात्र दगडापाशीच जावं लागत होतं.

"माझे आजोबा दर एक जानेवारीला जायचे," मित्र म्हणाला. "त्यांना वाचता येत नव्हतं. गर्दीतलं कुणीतरी नावं मोठ्यानं वाचायचं, हे ऐकत उभे राहायचे."

नगर रोडनं शंभर वेळा गेलोय मी, गाणी लावून, काचा वर करून. या वीकेंडला पेरण्याला थांबणार आहे. म्युझिक बंद. मित्र सोबत येतोय, पण अट त्याची आहे: नावं मी वाचायची, मोठ्यानं.